तिट्ट्यावरची चौकट

"ही भिंत कोण बांधणार?" केरबामामांनी विचारलं.

मला वाटलं, ते ऑफिसच्या भिंतीबद्दल बोलतायत. पिठाच्या गिरणीवरची ती खोली होती. भिंतीचे पोपडे निघालेले होते आणि खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप सरकायच्या. पण मामांचं बोट माझ्या चित्रावर होतं. चित्रात एक बाई चुलीपुढे बसलेली होती आणि तिच्यामागे दीड दिवस खपून मी भिंत काढली होती. कोनाडा, कोनाड्यात देव, फडताळ, फडताळात एकावर एक सात डबे आणि प्रत्येक डब्यावर उजेडाची तिरीप.

"तिच्या घराची भिंत आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय की. पर बांधणार कोण? मी?"

केरबा सुतार आडनावानं सुतार आणि कामानंही सुतार. कोल्हापुरात धडाधड सिनेमे निघायचे त्या काळात ते स्टुडिओत सेट उभे करायचे. दिग्दर्शक येऊन म्हणायचा, राजवाडा पाहिजे. मामा विचारायचे, किती दिसणार? हे दिग्दर्शकाला कधी सांगता येत नसे. म्हणून मामांनीच एका फळीवर खडूनं चौकटी आखायला सुरुवात केली. त्यात काडीची माणसं काढायची आणि दिग्दर्शकाला विचारायचं, इथून बघणार का तिथून? राजवाड्याचा एकच खांब तीन चौकटींत दिसतोय म्हटल्यावर उरलेले अकरा खांब करायचेच नाहीत. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात हे त्यांना वीस वर्षांनी कळलं. तोवर स्टुडिओ बंद पडले होते. आमचे देसाईसाहेब सरकारी खात्यांसाठी आणि संस्थांसाठी लहान लहान माहितीपट काढायचे. लसीकरण, बायोगॅस, शौचालय असले विषय. त्यांनी मामांना आपल्याकडे आणलं. मामांचा हात थरथरायला लागल्यावर मदतीला म्हणून मला घेतलं.

साल एकोणीसशे ब्याण्णव. मी शालन चौगुले, राहणार कागल, चित्रकलेची पदविका पहिल्या वर्गात पास. पण दोन वर्षं एकाही शाळेनं दारात उभं केलं नव्हतं. लग्नघराच्या भिंतींवर नवरानवरीची नावं रंगवत होते. देसाईंनी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "तीन महिने तुझी हौस कर. जमलं तर जमलं. नाहीतर दिवाळीला परत यायचं आणि आम्ही सांगू तिथं उभं राहायचं." कुठं उभं राहायचं ते मला माहीत होतं. जयसिंगपूरचं एक स्थळ तेव्हापासूनच आमच्या घरी चहाला येऊन जात होतं.

तर अशी मी. आणि पहिल्याच आठवड्यात एका सुतारानं माझी भिंत पाडली.

"चित्र चांगलं हाय," मामा म्हणाले. "चौकटीत बसवून घरात लाव. पर हे आपल्या कामाचं न्हाई. मला सांग, ह्या बाईनं फुडं काय केलं?"

"पुढे म्हणजे? ती बसली आहे."

"बसली तर बसू दे. उठली की मला हाक मार." आणि ते चहा प्यायला खाली गेले.

मला इतका राग आला होता की मी चित्र फाडणार होते. डबे फार चांगले जमले होते म्हणून फाडलं नाही.

पुढचे दोन महिने मी काडीची माणसं काढली. पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी गोल डोकं, एक रेघ धड आणि चार रेघा हातपाय काढत बसायची. मामा शिकवायचे ते सांगून नाही, विचारून. कोण बघतंय? कुठनं बघतंय? आता काय बदललं? काही बदललं नसंल तर ही चौकट कशाला? एकदा त्यांनी मला गिरणीत दळण आणणाऱ्या बाईचा सगळा प्रसंग आठ चौकटींत काढायला सांगितला. मग त्यातल्या तीन फाडल्या आणि म्हणाले, वाच. गोष्ट तशीच होती. उगाच फाडल्या म्हणायलाही मला जागा ठेवली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली.

"चौकट म्हंजे दोन दारांची खोली. एक डावीकडं, एक उजवीकडं. माणूस उजव्या दारानं भाईर पडला तर फुडच्या खोलीत त्यो कुठनं येणार?"

"डावीकडून."

"उजवीकडनंच आला तर?"

"तर... परत आला असं वाटेल."

"वाटेल न्हाई. आलाच. बघणाऱ्याला दुसरं काही दिसतच न्हाई."

मला ते कळलं. कळलं म्हणजे पाठ झालं. काडीच्या माणसाला तोंड नसतं, त्यामुळे चुकायची सोयच नव्हती.

सप्टेंबरात सर्पदंशाचं काम आलं. दहा मिनिटांचा माहितीपट, डोंगराळ भागातल्या गावांसाठी. सुगीत भातकापणीच्या वेळी साप चावतात, लोक देवऋषीकडे नेतात आणि माणूस हातचं जातं. साप चावला की पाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा, एवढंच सांगायचं होतं. देसाईंनी मला बोलावलं.

"चौगुले, हा बोर्ड तुम्ही काढायचा. काड्या नकोत, नीट माणसं काढा. शूटिंगच्या आधी तो गावात दाखवायचा, ही आपली पद्धत. गावाला एका फटक्यात कळला, तर तुम्ही कायम. नाही कळला तर... बघू."

'बघू' म्हणजे जयसिंगपूर.

मी नऊ चित्रं काढली आणि जीव ओतून काढली. पहिल्यात भात कापणारी बाई. दुसऱ्यात पायाशी साप. तिसऱ्यात धावत येणारा नवरा. चौथ्यात फळकुटाला सैल बांधलेला पाय. पाचव्यात तिला बाजल्यावर घालून चार जणांनी उचललेलं. सहाव्यात तिट्टा होता, म्हणजे तीन वाटा फुटतात ती जागा. डावीकडची वाट देवऋषीकडे, तिच्यावर त्याचा झेंडा, उजवीकडची दवाखान्याकडे, आणि पाठमोरी माणसं बाजलं घेऊन उजवीकडच्या वाटेला लागलेली. सातव्यात नुसता नवऱ्याचा चेहरा, मोठा, घामानं डबडबलेला. आठव्यात कौलारू इमारतीच्या दारात पोचलेलं बाजलं. त्या दारावर मी वळणदार अक्षरात 'प्राथमिक आरोग्य केंद्र' अशी पाटी काढली होती. नवव्यात ती बाई पुन्हा शेतात, हसताना. सुई आणि डॉक्टरचा भाग काढायचा नाही, तो दवाखान्यात जाऊन जसं दिसेल तसं घेऊ, असं देसाई म्हणाले होते.

मामांनी कागद मात्र पातळच आणायला लावला होता. जाड कागदावर रंग छान बसला असता म्हणून मी कुरकुरले होते. त्यांनी नऊच्या नऊ चित्रं बघितली. सातव्यापाशी ते बराच वेळ थांबले. तो चेहरा माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला चेहरा होता, आजही मी तेच म्हणेन.

"तुझी माणसं सगळी डावीकडं बघत्यात," ते म्हणाले.

"उजव्या हातानं काढणाऱ्याला डावीकडचं तोंड सोपं जातं, मामा. सगळ्यांचंच तसं असतं. उजवीकडे बघणारा चेहरा काढला की नाक बिघडतं माझं."

"असं व्हय," म्हणाले आणि चित्रं परत दिली. मला वाटलं, कौतुक गिळलं म्हाताऱ्यानं.

शाहूवाडीकडच्या डोंगरात आंबेखोल म्हणून गाव आहे. तिथं आम्ही सकाळी दहाला पोचलो. गौरीगणपती होऊन गेले होते, पावसानं उघडीप दिली होती. समाजमंदिराच्या पडवीत पंधरावीस माणसं जमली, बहुतेक म्हातारे आणि बायका. तरणी माणसं मुंबईला, पोरं शाळेत. मामांनी दोन खांबांना सुतळी बांधली आणि मला सांगितलं, एकेक चित्र चिमट्यानं अडकवत जा, तोंडातनं चकार शब्द काढायचा नाही. गोष्ट त्यांनी सांगायची. देसाई वही घेऊन मागे बसले.

शेवंताकाकू म्हणून एक बाई होत्या. गावाचं तोंड म्हणावं अशा. त्यांनी लगेच ताबा घेतला.

"ही भात कापाय लागलीया. आगं बया, जनावर! डसलं बघ. ह्यो दादला आला पळत... पाय बांधला, बेस केलं. आता बाजल्यावर घातली. ह्यो आपला तिट्टाच की गं! त्यो बघ देवरुशाचा झेंडा. पर ही झेंड्याकडं न्हाई वळली, फुडं निघाली दवाखान्याच्या वाटंला."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी सातवं चित्र अडकवलं. तो चेहरा.

बायका पुढे सरकून चेहरा बघायला लागल्या. मग शेवंताकाकू म्हणाल्या, "परतला."

"परतला तर काय," शेजारची म्हणाली. "भ्या वाटलं आसंल. तोंड बघ की कसं झालंय."

मी आठवं चित्र लावलं. त्यात बाजलं धरलेली चारही माणसं डावीकडे तोंड करून कौलारू घराच्या दारात उभी होती.

"आली देवरुशाच्या दारात," शेवंताकाकू म्हणाल्या. पाटीवरची माझी वळणदार अक्षरं वाचणारं त्या घोळक्यात कोणी नव्हतं, आणि कौलारू घर त्या गावात देवऋषीचंच होतं. "लाव बाई, फुडचं लाव."

मी नववं लावलं. शेतात हसणारी बाई.

"उठली गं बया!" सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. "देवानं हात दिला. वाटंतनं परतली म्हनून वाचली. दवाखान्यात गेली आसती तर काय खरं हुतं?"

दोन महिने मामांनी मला विचारलं होतं, माणूस कुठल्या दारानं आला. आणि मी काय केलं होतं? नाक चांगलं यावं म्हणून नवऱ्याला उलटा फिरवला होता. दवाखान्यात जा म्हणून सांगायला आलेली मी, पंधरावीस माणसांना देवऋषीकडे जा म्हणून सांगून बसले होते. तेही सुंदर चित्रं काढून. मी देसाईंकडे बघितलं. त्यांनी वही मिटली होती.

"आवरा," ते हळूच म्हणाले. "ऑफिसात गेल्यावर बघू."

मी चिमटे काढायला हात वर केला, तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला एक माणूस उठला. साठीचा असेल. टोपी हातात, खांद्यावर घोंगडं. इतका वेळ तो एक शब्द बोलला नव्हता. तो सुतळीपाशी आला आणि त्यानं नवऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग शेतातल्या बाईवर.

"बाई," तो मला म्हणाला, "एक इचारू?"

"विचारा की."

"आमी बी तिट्ट्यावरनंच परतलो. गेल्या सुगीत. समदी म्हनाली, दवाखाना लई लांब हाय, तवर टिकायची न्हाई, माघारी चला. परतलो. देवरुशानं सांगितलं ते समदं केलं. नारळ, कोंबडं, काय बी ऱ्हाऊ दिलं न्हाई." त्यानं पुन्हा त्या हसणाऱ्या बाईवर बोट टेकवलं. "ही उठली. मग आमचीच का न्हाई उठली? आमचं काय चुकलं?"

शेवंताकाकूंनी पदर तोंडाला लावला. शेजारची बाई मला हळूच म्हणाली, "धोंडीतात्या. त्येंची बायकू हौसाक्का साप डसून गेली तवा."

त्या माणसाला खरंच उत्तर पाहिजे होतं. वर्षभर तो हेच शोधत असणार, की कुठला नारळ चुकला, कुठला वार चुकला. आणि मी त्याला आता आणखी एक वर्ष शोधायला लावणार होते.

"चौगुले," देसाई मागून म्हणाले, "चला."

गप्प राहणं सोपं होतं. देसाईंनी सांगितलंच होतं, ऑफिसात बघू. कदाचित त्यांनी दुसरी संधीही दिली असती. आणि बोलायचं तर काय बोलायचं? माझं चुकलं म्हणायचं आणि त्याच तोंडानं ह्या माणसाला सांगायचं, की तुमचं नारळकोंबड्यात काही चुकलं नाही, तुम्ही परतलात तिथं चुकलं. मी केरबामामांकडे बघितलं. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा त्यांचा फार राग आला.

"तात्या, तुमच्या करण्यात काही राहिलं नाही," मी म्हणाले. "माझंच चुकलं आहे. चित्र चुकलं आहे. ह्यातली माणसं परतत नाहीत. ती पुढेच गेलीत. मला उजवीकडे बघणारं तोंड नीट काढता येत नाही, म्हणून मी डावीकडचं काढलं. हे देवऋषीचं घर नाही, दवाखाना आहे."

"पर ह्यो तर मागं बघाय लागलाय की," तात्या म्हणाले.

मामा तेव्हा उठले. त्यांनी सातवं आणि आठवं चित्र चिमट्यातून सोडवलं, पालथं केलं आणि पुन्हा अडकवलं. पडवीच्या मागच्या अंगाला ऊन होतं. त्या उजेडात पातळ कागदातून चेहरा आरपार दिसला, फिका, पण उजवीकडे बघणारा. बाजलंही उजवीकडे वळलं. मी खिशातली पेन्सिल काढली आणि सुतळीवरच पाठीमागून रेघा जाड केल्या. पाटीवरची अक्षरं उलटी झाली, पण ती सुलटी होती तेव्हा तरी कोण वाचत होतं?

"आता सांग, शेवंता," मामा म्हणाले. "तिट्ट्यावरनं कुठं गेली?"

शेवंताकाकूंनी सहावं चित्र बघितलं, मग सातवं, मग आठवं. त्या आता हळू बोलत होत्या.

"फुडं. फुडंच गेली की. ह्यो दवाखाना व्हय?"

"व्हय."

धोंडीतात्या त्या चित्रांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "म्हंजे फुडं गेली म्हनून उठली?"

मला नाही म्हणायचं होतं. अजूनही स्वप्नात कधीतरी मी त्यांना नाही म्हणते, नशीब असतं एकेकाचं म्हणते, आणि जागी होते.

"हो, तात्या," मी म्हणाले. "पुढे गेली म्हणून."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते पडवीतून उतरून निघून गेले.

आम्ही जीपनं निघालो. मलकापूर मागे पडल्यावर देसाई पुढच्या सीटवरून म्हणाले, "चूक कबूल केलीत, ठीक. पण त्या माणसाला शेवटचं ते सांगायलाच पाहिजे होतं का?"

मी बाहेर बघत राहिले. मला रडू येत होतं आणि देसाईंपुढे रडायचं नव्हतं. ऑफिसात पोचल्यावर मी पेन्सिली गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि मामांपुढे जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं. सातवं चित्र बघितलंत तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"व्हतं की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर माझं ऐकून काढलं असतंस. फुडच्या बोर्डाला परत नाक आडवं आलं असतं. म्हटलं, गाव सांगंल." ते थोडा वेळ पेन्सिलीला टोक करत बसले. टोक झालेलंच होतं. "त्यो माणूस तिथं असंल हे मला ठाऊक न्हवतं, पोरी. ते ठाऊक असतं तर मी तुझ्या हातातनं चित्र हिसकून घेतलं असतं. माझं बी चुकलं."

केरबा सुतारांच्या तोंडून 'चुकलं' मी त्या एकाच दिवशी ऐकलं.

तीन महिने भरले त्या दिवशी मी कागलचं तिकीट कितीला असतं ते आठवत खुर्चीवर बसले होते. देसाई आले, फायली चाळल्या आणि मान वर न करता म्हणाले, "चौगुले, डॉक्टर सुई टोचतो तो भागही काढायला घ्या. तुमच्या दारावरच्या पाटीच्या भरवशावर आता मी राहणार नाही. आणि शूटिंगला येताना स्वेटर आणा, वर थंडी असते." मला कायम केल्याचं ह्याहून स्पष्ट कोणी कधी सांगितलं नाही. मी घरी पत्र टाकलं. भावाचं उत्तर आलं नाही.

शूटिंग सुगीतच झालं, आंबेखोललाच. नवराबायको म्हणून कोल्हापूरच्या नाटकातली दोन माणसं आणली होती. बाजलं उचलायला आणखी तिघं लागणार होते, ते गावातले घ्यायचं ठरलं होतं. मी तिट्ट्यावर बोर्ड घेऊन उभी होते. सगळे चेहरे नव्यानं काढले होते, सगळे उजवीकडे बघणारे. नाकं बिघडली होती, पण कोण कुठं चाललंय ते आंधळ्यालाही कळलं असतं.

सकाळी आठाच्या सुमाराला गावाकडून दोन गडी बाजलं घेऊन आले. मागे धोंडीतात्या होते. त्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. नजर कुठं ठेवावी ते मला कळेना.

"बाजलं लागनार म्हनून सांगावा आल्ता," ते देसाईंना म्हणाले. "हे घ्या. हेच व्हतं तवा."

देसाईंना पटकन कळलं नाही. मला कळलं. मी दुसरं बाजलं मागवू का म्हणून विचारलं. तात्या नको म्हणाले.

"चौथा गडी मीच हाय. मागं, उजव्या अंगाला. तवा बी तिथंच व्हतो."

कॅमेरा लावला. नाटकातली मुलगी बाजल्यावर आडवी झाली. तिचा पाय फळकुटाला बांधला. चौघांनी बाजलं खांद्यावर घेतलं. पुढे नाटकातला नवरा, मागे उजवीकडे धोंडीतात्या. काम सोपं होतं. झेंड्याच्या वाटेकडे न बघता दवाखान्याच्या वाटेला लागायचं, आमच्या चौकटीतून उजवीकडे बाहेर पडायचं आणि थांबायचं.

ते निघाले. तिट्टा आला. नाटकातल्या नवऱ्यानं शिकवल्याप्रमाणे कपाळावरचा घाम पुसला. मागे तात्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं. ते तिट्ट्यावरून पुढे गेले आणि चौकटीतून बाहेर पडले.

"कट!" देसाई ओरडले. "छान! झालं!"

पुढचे दोघे थांबले. तात्या थांबले नाहीत. मागून बाजलं ढकललं गेलं म्हणून पुढच्यांना पाऊल टाकावं लागलं, मग आणखी एक. मुलगी कोपरावर उठून बसली.

"अहो आजोबा, झालं! कट झालं!"

"झालं न्हाई," तात्या म्हणाले. "दवाखाना यायचा हाय अजून. तू पड गप."

नाटकातल्या माणसानं मागे वळून आमच्याकडे बघितलं. देसाईंनी तोंड उघडलं होतं. केरबामामांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि मानेनंच नको म्हणून सांगितलं. ती मुलगी पुन्हा आडवी झाली. चौघं चालत राहिले. मागोमाग आम्ही निघालो, मी, मामा, देसाई, कॅमेरा सोडून आलेला कॅमेरामन, वाटेत शेतातून वर आलेल्या शेवंताकाकू. ओढा लागला, त्यात घोट्याएवढं पाणी होतं. मग चढ, मग सडक, आणि सडकेच्या पलीकडे दवाखान्याची पांढरी भिंत.

पायरीशी त्यांनी बाजलं टेकवलं. आतून नर्स धावत आली, तिला वाटलं खरंच कोणाला तरी चावलंय. मुलीनं उठून बसून तिला सांगितलं, काही नाही ताई, सिनेमा आहे. तात्यांनी घोंगड्यानं तोंड पुसलं आणि माझ्या मनगटाकडे बघितलं.

"बाई, घड्याळ हाय न्हवं? तिट्ट्यावरनं किती येळ लागला?"

घड्याळ मी निघतानाच बघितलं होतं. प्रत्येक चौकट किती वेळ चालते ते लिहून ठेवायची मामांनी सवय लावली होती.

"बावीस मिनिटं," मी म्हणाले.

"बावीस," तात्या म्हणाले, आणि रिकाम्या बाजल्याशेजारी पायरीवर बसले.